वाचकांचे प्रश्न : भेसळ नव्हे, तिसराच पदार्थ

या वेळच्या टपालात कोल्हापूर आणि परिसरातील वाचकांची सात पत्रे अशी निघाली, की धंदे निराळे असले तरी त्यांतील कोड्याचे मूळ एकच आहे. सुवर्णकार, ओतकाम करणारे कारखानदार, घरातली जुनी भांडी जपणाऱ्या आजी आणि विज्ञानाची विद्यार्थिनी अशी ही मंडळी आहेत. त्यांतील बहुतेकांनी निदानही आधीच करून ठेवले आहे : धातू तडकला, म्हणजे त्यात भेसळ असली पाहिजे. हे निदान क्वचित बरोबर असते. पुष्कळदा मात्र धातू शुद्धच असतात आणि त्यांच्या संगतीतून तिसराच एक पदार्थ तयार झालेला असतो. त्याला आंतरधातू संयुग म्हणतात, आणि आजचे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, आमचे पिढीजात काम आहे. बावीस कॅरेटमध्ये कधी न आलेला अनुभव अठरा कॅरेटच्या तांबूस सोन्यात येतो. पट्टीला ताव देऊन ती तशीच निवत ठेवली, तर कडक होते आणि रोलमधून काढताना कडेला चिरा पडतात. तीच पट्टी लाल असतानाच पाण्यात टाकली, तर मऊ राहते. पोलादाचे तर याच्या उलट असते. सोने आणि तांबे दोन्ही तपासून घेतलेले आहे. मग दोष कशाचा ? (एक सुवर्णकार, कोल्हापूर)

उत्तर : आपण पाहिले ते अगदी खरे आहे आणि त्याचे कारण एका साध्या हिशेबात सापडते. अठरा कॅरेट म्हणजे वजनाने 75 टक्के सोने. त्यात बाकीचे 25 टक्के निव्वळ तांबे आहे असे धरू. वजनावर पाहिले तर सोने तिप्पट दिसते. पण सोन्याचा एक अणू तांब्याच्या अणूपेक्षा तिपटीहून थोडा अधिकच जड असतो. त्यामुळे वजनाऐवजी अणू मोजले, तर शंभरांतले सुमारे 49 सोन्याचे आणि 51 तांब्याचे निघतात. म्हणजे आपल्या मुशीत नकळत जवळजवळ एकास एक असे प्रमाण जमलेले असते, आणि सोने-तांब्याच्या जोडीत नेमके हेच प्रमाण फार नाजूक आहे.

लालभडक तापलेल्या पट्टीत हे अणू चैत्र यात्रेतल्या जोतिबाच्या डोंगरावरील गर्दीसारखे असतात. कोणाच्या शेजारी कोण उभा आहे याला काही नियम नसतो. पट्टी सावकाश निवत 410 अंश सेल्सिअसच्या खाली आली, की हेच अणू पंगतीला बसल्यासारखे बसू लागतात, आणि 385 अंशांच्या खाली पंगतीची शिस्त पक्की होते : एक थर सोन्याचा, त्यावर एक थर तांब्याचा, पुन्हा सोन्याचा. अणूंच्या रचनेचा पुन्हा पुन्हा येणारा लहानात लहान घटक म्हणजे चौकट; पूर्वी तिन्ही बाजूंनी सारखी असलेली ही घनाकृती चौकट आता एका दिशेने सुमारे 7 टक्क्यांनी बसकी होते. पट्टीच्या एका कणात (स्फटिकाच्या दाण्यात) ही बसकी दिशा उभी, तर शेजारच्या कणात आडवी असते. ते एकमेकांना आतल्या आत ओढू लागतात, धातू कडक होतो, आणि रोलचा दाब आला की ताण पडलेल्या जागी चीर जाते. गरम पट्टी पाण्यात टाकली, तर अणूंना जागा बदलायला वेळच मिळत नाही. गर्दी आहे तशी गोठते आणि पट्टी मऊ राहते. पोलादात पाणी दिल्यावर कार्बन लोहाच्या जाळीत कोंडला जातो, जाळी ताणली जाते आणि म्हणून ते कडक होते. येथे पाण्याने कोंडली जाते ती अव्यवस्था, आणि अव्यवस्थित धातू मऊ असतो. क्रिया एकच, परिणाम उलटा.

रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय कुर्नाकोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी 1916 साली सोने-तांब्याचे मिश्रधातू सावकाश निववून त्यांची विद्युतवाहकता मोजली, तेव्हा ठरावीक प्रमाणांवर ती एकदम सुधारलेली आढळली. योहान्सन आणि लिंडे यांनी 1925 साली क्ष-किरणांनी अणूंची ही पंगत प्रत्यक्ष दाखवून दिली. गुजरीतल्या कारागिरांच्या हातांना मात्र ही गोष्ट, कारण ठाऊक नसतानाही, त्याआधीपासून कळत असणार, असे माझे मत आहे.

बावीस कॅरेटमध्ये अणूंचे प्रमाण सुमारे 78 सोने आणि 22 तांबे असे पडते. एकास एक या प्रमाणापासून ते लांब आहे. पंगत धरण्याची ओढ तेथे जी काही आहे ती इतक्या कमी तापमानाला जागी होते, की तोवर अणूंची हालचाल जवळपास थांबलेली असते. शिवाय त्यात बहुधा चांदीही असते. म्हणून तेथे आपल्याला हा अनुभव आला नाही.

आता कामाची गोष्ट. चीर पडलेल्या पट्टीचा एक तुकडा मंद लाल होईपर्यंत तापवून लगेच पाण्यात टाकावा. तो मऊ झाला, तर कारण वर सांगितलेलेच आहे. तरीही तडकला, तर मात्र शिशाचा संशय घ्यावा. साध्या कथिलाच्या डागातून, म्हणजे सांधा जोडण्यासाठी लावलेल्या धातूतून, आलेले अगदी थोडे शिसेसुद्धा सोन्याशी संयुग करून कणांच्या सीमांवर पातळ पापुद्र्यासारखे पसरते आणि सोने पापडासारखे मोडते. हे ताव देऊन जात नाही, ते सोने गाळायलाच पाठवावे लागते. निकेल घातलेल्या पांढऱ्या सोन्याला पाण्याचा उपाय डोळे झाकून करू नये, कारण एकदम निवण्याच्या ताणाने तेच तडकू शकते. आणि पंगतीचा हा गुण नेहमीच वैरी असतो असेही नाही : तांबूस अठरा कॅरेटचा दागिना पुरा घडल्यावर सुमारे 250 ते 300 अंशांवर काही काळ ठेवला, तर तो मुद्दाम कडक करता येतो आणि लवकर झिजत किंवा वाकत नाही.

याच पत्रात जांभळ्या सोन्याबद्दलही विचारले आहे. तो मुलामा नाही. सोन्याचा एक अणू आणि ॲल्युमिनियमचे दोन यांचे ते संयुग आहे. वजनाने त्यात साडेअठ्ठ्याहत्तर टक्के सोने असते, म्हणजे ते अठरा कॅरेटच्या कसोटीत सहज बसते. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, सोने 1064 अंशांना. हे संयुग मात्र सोन्याच्या जवळ, 1060 अंशांना वितळते. त्यातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या अशा लागलेल्या असतात, की ते प्रकाशातला मधला, हिरव्या-पिवळ्याकडचा भाग शोषून घेते आणि तांबडा व निळा परत पाठवते. म्हणून जांभळे दिसते. ते हातोडीखाली काचेसारखे फुटते, तार ओढता येत नाही. खड्यासारखे कापून कोंदणात बसवणे, एवढाच त्याचा उपयोग. हेच संयुग इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात ‘जांभळा प्लेग’ म्हणून कुप्रसिद्ध आहे, कारण चिपवरच्या ॲल्युमिनियमला सोन्याची बारीक तार जोडली आणि तो सांधा तापत राहिला, की तेथे असली संयुगे वाढतात, त्यांच्याशेजारी सूक्ष्म पोकळ्या पडतात आणि जोड सुटतो.

प्रश्न : मिठात सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो, म्हणून एकास एक हे प्रमाण समजते. पण पाठ्यपुस्तकात पितळेतील एका संयुगाचे सूत्र ‘पाच तांबे, आठ जस्त’ असे दिले आहे. दोन्ही धातू इलेक्ट्रॉन देणारेच. मग घेतो कोण, आणि पाचास आठ हे विचित्र प्रमाण कोणत्या संयुजेतून येते? (पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : प्रश्न फार चांगला आहे, आणि जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी याच प्रश्नाने एका इंग्रज संशोधकाला झपाटले होते. विल्यम ह्यूम-रॉदरी हे सैन्यात जाण्याची तयारी करत असताना 1917 साली मेंदूज्वराने पूर्ण बहिरे झाले, विज्ञानाकडे वळले आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये धातुशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांनी संयुजेचा हट्ट सोडून दिला आणि फक्त एवढेच मोजले, की दर अणूमागे सामाईक इलेक्ट्रॉन किती येतात. ती आकडेमोड आपणही वहीत करून पाहावी.

तांबे 1 इलेक्ट्रॉन देते, जस्त 2. पाच तांबे आणि आठ जस्त म्हणजे 5 अधिक 16, एकूण 21 इलेक्ट्रॉन, अणू 13. आता तांबे-ॲल्युमिनियमचे नऊस चार हे संयुग घ्या : ॲल्युमिनियम 3 इलेक्ट्रॉन देते, म्हणून 9 अधिक 12, पुन्हा 21, अणू पुन्हा 13. तांबे-कथिलाच्या एका संयुगाचे सूत्र जुन्या पुस्तकांत 31 तांबे व 8 कथिल असे असते. कथिल 4 इलेक्ट्रॉन देते, म्हणून 31 अधिक 32, म्हणजे 63, अणू 39, भागून पाहिले तर पुन्हा 21 भागिले 13. सूत्रे एकमेकांशी काहीही नाते न सांगणारी, पण गुणोत्तर एकच आणि स्फटिकाची घडणही एकाच कुळातली. तसेच तांबे-जस्ताचे एकास एक, तांबे-ॲल्युमिनियमचे तीनास एक आणि तांबे-कथिलाचे पाचास एक या तिन्ही संयुगांत हे गुणोत्तर 3 भागिले 2 येते. ते येथे करून दाखवत नाही, आपण करावे.

याचा अर्थ असा, की या संयुगांत कोणी देणारा आणि कोणी घेणारा नाही. सर्वांनी आपले इलेक्ट्रॉन सामाईक साठ्यात टाकलेले असतात, म्हणूनच ही संयुगे वीज वाहून नेतात आणि धातूसारखी चकाकतात. परंतु स्फटिकाची प्रत्येक रचना ठरावीक घनतेचा साठाच कमी ऊर्जेत सामावून घेऊ शकते. साठा त्या मर्यादेच्या वर गेला, की पुढचे इलेक्ट्रॉन महाग पडतात आणि अणूंना दुसरी रचना परवडू लागते. हे स्पष्टीकरण 1930 च्या दशकात पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) आधारे हॅरी जोन्स यांनी मांडले. प्रमाण ठरते ते अशा रीतीने, साठ्याच्या हिशेबाने. म्हणून ते थोडे इकडे-तिकडे सरकलेले चालते. मिठात 55 टक्के सोडियम अणू घालता येत नाहीत, पण पाचास आठ या पितळी संयुगात जस्ताचे प्रमाण काही टक्क्यांनी कमी-अधिक झाले तरी रचना टिकते.

मात्र हा नियम सर्व संयुगांना लागू पडतो असे समजू नये, आणि माझ्या मते पाठ्यपुस्तके येथेच विद्यार्थ्यांना फसवतात. काही संयुगे अणूंच्या आकारावर ठरतात. फळांच्या गाडीवर सारख्या आकाराची मोसंबी कितीही नेटकी रचली, तरी आतल्या एका मोसंब्याला जास्तीत जास्त 12 मोसंबी चिकटू शकतात. पण त्यांच्यात ठरावीक लहान आकाराची लिंबे मिसळली, तर मोठ्या फळाला 16 शेजारी मिळू शकतात आणि रचना अधिक दाट होते. मोठ्या अणूची त्रिज्या लहानाच्या 1.225 पट असली की हे आदर्श जमते. मॅग्नेशियम एक आणि तांबे दोन हे संयुग याच प्रकारचे असून, अशा संयुगांना फ्रिट्झ लाव्हेस यांच्या नावाने ओळखतात.

आणि काही संयुगांत देणे-घेणेही खरोखरच होते. सोडियम आणि थॅलियम यांच्या एकास एक संयुगात सोडियमचा इलेक्ट्रॉन थॅलियमकडे झुकतो. त्यामुळे थॅलियमजवळ तीनाऐवजी चार संयुजा इलेक्ट्रॉन होतात, आणि मग तो कार्बनसारखा वागून चक्क हिऱ्याच्या रचनेची जाळी विणतो, जिच्या पोकळ्यांत सोडियम बसतो. एडुआर्ट झिंटल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा प्रकार उलगडला. निकेल आणि ॲल्युमिनियम यांच्या एकास एक संयुगात धातवीय बंधाच्या जोडीला दिशा असलेला सहसंयुजी बंधही असतो, आणि तो किती घट्ट असतो याचा अंदाज वितळबिंदूवरून येतो : निकेल 1455 अंश, ॲल्युमिनियम 660 अंश, आणि दोघांचे संयुग सुमारे 1638 अंश. या दोन धातूंची भुकटी एकत्र दाबून एका टोकाला पेटवली, तर संयुग होताना सुटणाऱ्या उष्णतेवरच क्रिया स्वतःहून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाते.

तेव्हा ‘बंध कोणता’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. धातवीय, सहसंयुजी आणि आयनी हे तिन्ही बंध निरनिराळ्या मात्रेत मिसळलेले असतात, आणि गुण त्या मिश्रणावर ठरतात. ठिसूळपणाचेही तसेच. शुद्ध तांब्यात अणूंचे थर एकमेकांवरून एक-एक पाऊल सरकत जातात, म्हणून ते वाकते. शिस्तीने बसलेल्या संयुगात एक पाऊल सरकले, तर तांब्यापुढे तांबे आणि जस्तापुढे जस्त येऊन सारी मांडणी बिघडते; ती पुन्हा जुळायला दुसरे पाऊल लागोपाठ पडावे लागते. पाचास आठ या संयुगाच्या एका चौकटीत तर 52 अणू असतात. तेथे एक पूर्ण पाऊलच इतके लांब असते, की सरकण्यापेक्षा तुटणे सोपे पडते. म्हणूनच भांड्यांच्या पितळेत जस्त साधारण 35 टक्क्यांच्या आतच ठेवतात आणि निम्म्याच्या वर कोणी नेत नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाईंची काशाची वाटी, जिने आम्ही मुलांचे तळपाय घासत असू, ती ओट्यावरून पडून तडकली. पितळेचा तांब्या विहिरीच्या काठावरून पडला तरी त्याला नुसता पोचा पडतो. जुनी माणसे म्हणत, खरे कासे फुटतेच. हे खरे काय ? (एक आजी, शाहूपुरी)

उत्तर : आजी, जुनी माणसे बरोबर सांगत. काशात तांब्याबरोबर कथिल असते, आणि चांगल्या, नाद देणाऱ्या काशात ते साधारण 20 ते 22 टक्के असते. तांबे आपल्या स्फटिकात एवढे कथिल मुरवून घेऊ शकत नाही. उरलेले कथिल तांब्याशी संयुग करते. वर विद्यार्थिनीच्या उत्तरात आलेले 31 तांबे आणि 8 कथिल, ते हेच. अलीकडच्या क्ष-किरण अभ्यासात त्याचे अधिक नेमके सूत्र 41 तांबे आणि 11 कथिल असे निघाले, आणि त्याच्या एका चौकटीत 416 अणू मोजले गेले. 416 म्हणजे 52 च्या आठपट; पितळेतल्या त्या संयुगाचा हा मोठा भाऊच म्हणावा. एवढ्या मोठ्या चौकटीत थर सरकणे जवळपास अशक्य, म्हणून काशाला पोचा पडत नाही.

परंतु याच कारणाने देवळातली घंटा वाजते. मऊ धातूवर टोल दिला, तर त्याची शक्ती आतले थर किंचित सरकण्यात जिरून जाते आणि ‘थप्प’ असा आवाज येतो. काशात ती जिरायला जागा नसते, म्हणून कंपने बराच वेळ टिकतात. आपली वाटी चिमटीत धरून नखाने टिचकी मारल्यावर जो लांब नाद येत असे, तो आणि ओट्यावरून पडल्यावर गेलेला तडा, ही एकाच गुणाची दोन रूपे होत. कासे ठोकून भांडी घडवणारे कारागीर ते लाल तापलेले असतानाच ठोकतात, आणि पुष्कळ ठिकाणी घडल्यावर लगेच पाण्यात टाकतात, कारण तसे केल्याने हे ठिसूळ संयुग तयार व्हायला सवड मिळत नाही आणि भांडे त्या मानाने चिवट राहते. तडकलेली वाटी डाग लावून सांधता येईल, पण तिचा पूर्वीचा नाद परत येण्याची आशा ठेवू नये.

प्रश्न : गोकुळ शिरगाव येथे आमची ॲल्युमिनियमची छोटी फाउंड्री आहे. स्क्रॅप मिसळून ओतलेले कास्टिंग दिसायला चांगले असते, पण बोल्ट आवळताना त्यासाठी बाहेर काढलेले कान तुटतात. रिपोर्टमध्ये लोखंड 1.1 टक्का आले. एवढ्याशा लोखंडाने इतका फरक पडतो का ? पुरवठादार तर म्हणतो, डायकास्टिंगवाले (पोलादी साच्यात दाबाने ओतणारे) मुद्दाम लोखंड ठेवतात.

उत्तर : पडतो, आणि आपला पुरवठादारही खोटे बोलत नाही. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये लोखंड सहज विरघळते, पण घट्ट होताना ॲल्युमिनियम त्यातले फार तर 0.05 टक्का आपल्यात ठेवते. बाकीचे बाहेर पडते आणि ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्याशी मिळून संयुग बनवते. या संयुगाचे पातळ पत्रे वाढतात. पॉलिश केलेल्या तुकड्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ते कापलेल्या कडेने दिसतात, म्हणून त्यांना सुया म्हणण्याची पद्धत पडली आहे. ओतकामात जागोजाग असे ठिसूळ पत्रे खोचलेले असले, की बोल्टचा ताण त्यांच्या टोकाशी साठतो आणि तेथूनच भेग सुरू होते. शिवाय हे पत्रे वितळलेल्या धातूची वाट अडवतात, त्यामुळे आकसण्याच्या जागी पोकळ्याही राहतात.

लोखंड एकदा आत गेले की ते काढणे छोट्या कारखान्याला परवडत नाही. त्याचा आकार मात्र बदलता येतो. लोखंडाच्या निम्म्याइतके मँगनीज असले, तर पत्र्यांऐवजी फाटेफुटे असलेले गुटगुटीत कण तयार होतात, आणि रासायनिक दृष्ट्या तेही आंतरधातू संयुग असूनही कास्टिंगला त्यांचा त्रास फार कमी होतो. मात्र मँगनीज मनाला येईल तेवढे टाकू नये. लोखंड, मँगनीज आणि क्रोमियम मिळून फार झाले आणि भट्टीचे तापमान उतरले, तर जड कण तळाशी चिखलासारखे बसतात आणि लेडलमधून आलेला एखादा कण पुढे मशिनिंगमध्ये टूलची धार घालवतो. दुसरा उपाय लवकर निववण्याचा : जाड कानाच्या जागी मोल्डमध्ये चिल (उष्णता लवकर ओढून घेणारा धातूचा तुकडा) बसवले, तर पत्र्यांना लांब वाढायला वेळ मिळत नाही. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे लोखंडी पळ्या, ढवळण्या आणि भांडी यांना नियमाने वॉश (संरक्षक लेप) लावणे, कारण 1.1 टक्क्यातला काही भाग स्क्रॅपमधून नव्हे, तर आपल्याच हत्यारांतून आलेला असू शकतो.

प्रेशर डायकास्टिंगवाले लोखंड ठेवतात, हे खरे. त्यांची डाय पोलादाची असते. ॲल्युमिनियम लोखंडाचे भुकेले असेल, तर ते डायलाच खाऊ लागते, पृष्ठभागावर लोह-ॲल्युमिनियम संयुगाचा थर बसतो आणि कास्टिंग डायला चिकटते. म्हणून तेथे सुमारे 0.8 ते 1 टक्का लोखंड आधीच देऊन ती भूक भागवलेली असते, आणि कास्टिंग झटकन निवत असल्याने पत्रेही आखूड राहतात. आपल्या वाळूच्या मोल्डला डाय नाही, आणि निवणेही सावकाश. त्यांचा मसाला आपल्या भाजीला चालणार नाही.

आपल्याच धातूतल्या एका उपकारी संयुगाचाही उल्लेख करतो. सिलिकॉनच्या जोडीला थोडे मॅग्नेशियम असलेले कास्टिंग सुमारे 540 अंशांवर ठेवून पाण्यात टाकले आणि मग 160 अंशांच्या आसपास काही तास शेकले, तर मॅग्नेशियम दोन, सिलिकॉन एक या संयुगाकडे जाणारे अतिसूक्ष्म कण सर्वत्र पसरतात आणि ताकद पुष्कळ वाढते. बाजारात याला ‘टी 6’ म्हणतात. आल्फ्रेड विल्म यांना 1906 च्या सुमारास पाणी दिलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू नुसता ठेवून दिल्यावर काही दिवसांत आपोआप कडक झालेला आढळला, तेव्हापासून विमानांच्या बांधणीचा सारा इतिहासच बदलला. तेच ॲल्युमिनियम, तशीच ठिसूळ संयुगे. पण कण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढा असला तर आधार देतो, आणि पत्रा डोळ्यांना दिसण्याइतका वाढला तर कान तोडतो.

प्रश्न : शिरोलीत ग्रे आयर्नच्या कास्टिंगच्या कोपऱ्याला कधी कधी ‘हार्ड’ लागते, टूलची टिप उडते. तेही असेच संयुग का ?

उत्तर : नात्यातले आहे, पण काटेकोर अर्थाने आंतरधातू नव्हे, कारण तीन लोह आणि एक कार्बन अशा त्या संयुगात कार्बन हा धातू नाही. पातळ कोपरा लवकर निवतो, कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळ मिळत नाही आणि तो लोहाशी बांधला जातो. फेरोसिलिकॉनचे इनॉक्युलेशन (ग्राफाइट तयार व्हावे म्हणून वितळलेल्या लोखंडात ते थोडेसे घालणे) वेळेवर आणि ओतण्याच्या अगदी आधी झाले आहे का, ते प्रथम पाहावे. खरे आंतरधातू संयुग पाहायचे असेल, तर स्टेनलेसची कास्टिंगे सावकाश निववणाऱ्या शेजाऱ्याकडे जावे. तेथे लोह-क्रोमियमचे ‘सिग्मा’ नावाचे संयुग तयार होऊन माल काचेसारखा तडकतो.

प्रश्न : आम्ही हुपरीत चांदीचे काम करतो. टंच कमी करण्यासाठी तांबे घालतो. त्यातही असे संयुग होते का ?

उत्तर : होत नाही. चांदी आणि तांबे एकमेकांशी संयुग करतच नाहीत. वितळल्यावर पूर्ण मिसळतात आणि गोठताना पुन्हा आपापले कण वेगळे करतात; 28 टक्के तांब्यावर हे मिश्रण सर्वांत लवकर, 779 अंशांना वितळते. तेव्हा चांदी-तांब्याची लगड तडकली, तर हवेतून शिरलेला ऑक्सिजन किंवा शिसे यांच्याकडे बोट दाखवावे. आपल्या झाळीत (सांधा जोडण्याच्या मिश्रधातूत) मात्र जस्त असते, आणि ते फार झाले तर चांदी-जस्ताचे पाचास आठ असे संयुग होऊन झाळ ठिसूळ होते. इलेक्ट्रॉन मोजून पाहा : 5 अधिक 16, पुन्हा 21. कॅडमियमही चांदीशी असेच पाचास आठ बसते. ‘केडीएम’ या नावाने सोन्याच्या बाजारात गाजलेल्या झाळीत तेच कॅडमियम असे. त्याचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे. जुनी कॅडमियमयुक्त झाळ कोणाकडे शिल्लक असेल, तर ती स्वस्त मिळते म्हणून वापरू नये.

प्रश्न : ही संयुगे एवढी ठिसूळ असतील, तर नुसत्या संयुगाचीच बनवलेली उपयोगी वस्तू जगात आहे का ? (एक निवृत्त शिक्षक, कागल)

उत्तर : आहे, आणि ती कदाचित आपल्या नाकावर असेल. वाकवून सोडली तरी पूर्ववत होणारी जी चष्म्याची काडी मिळते, ती निकेल आणि टायटॅनियम यांच्या एकास एक संयुगाची असते. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी 1959 च्या सुमारास हे संयुग हाताळायला सुरुवात केली. त्यात थर सरकत नाहीत. त्याऐवजी ताण आला, की सर्व अणू मिळून थोडे कलतात आणि दुसरीच रचना घेतात, आणि ताण गेला की एकत्रच परत येतात. हृदयाच्या व पायांच्या रक्तवाहिन्यांत घालण्याच्या काही जाळ्या आणि दातांना लावायच्या तारा याच गुणावर चालतात.

विमानाच्या जेट इंजिनात याहून विलक्षण प्रकार आहे. तीन निकेल आणि एक ॲल्युमिनियम हे संयुग तापवले, तर सुमारे 700 ते 800 अंशांपर्यंत मऊ होण्याऐवजी उलट अधिक बळकट होते. लोहारकामाचा सगळा अनुभव येथे उलटा पडतो. कारण असे, की वर सांगितलेली पावलांची जोडी उष्णतेमुळे तिरप्या पातळीवर चढते आणि तेथेच अडकून बसते. गरम भागातल्या निकेलच्या पात्यांत निम्म्याहून अधिक भाग याच संयुगाच्या बारीक चौकोनी कणांचा असतो. हे संयुग एकटे वापरायला गेले तर ते कणांच्या सीमांवर तडके. जपानमध्ये आओकी आणि इझुमी यांनी 1979 साली त्यात चिमूटभर बोरॉन घातले आणि ते ओढता येण्याइतके तन्य झाले.

टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम यांच्या संयुगावर आधारलेली पाती आता बोइंग 787 च्या एका इंजिनात कमी दाबाच्या टर्बाइनमध्ये बसतात; त्यांचे वजन निकेलच्या पात्यांच्या जवळपास निम्मे असते. या क्षेत्रात आपल्या देशाचाही ठसा आहे. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेत दीपंकर बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1988 साली दोन टायटॅनियम, एक ॲल्युमिनियम आणि एक नायोबियम अशा मांडणीचे नवेच संयुग सापडले. ते इतर टायटॅनियम-ॲल्युमिनियम संयुगांपेक्षा कमी ठिसूळ असल्याने जगभरच्या प्रयोगशाळांनी ते उचलले. त्याच्या स्फटिकाच्या तिन्ही बाजू असमान, पण एकमेकींना काटकोनात असतात. अशा रचनेच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरावरून त्याला ‘ओ’ प्रावस्था (फेज) म्हणतात.